मामलेदारांची नोकरी आणि क्रॉफर्डचा बाजार

मुंबई इलाख्याच्या मध्य विभागाचा कमिशनर आर्थर ट्रॅव्हर्स क्रॉफर्ड याचे 1888 सालचे लाचखोरीचे प्रकरण मराठी वाचकाला बहुधा टिळकचरित्रातून माहीत असते. भ्रष्ट साहेब, त्याला पैसे चारणारे मामलेदार, साहेबाविरुद्ध साक्ष दिल्यावर त्यांच्यावर आलेले गंडांतर आणि त्यांच्या बाजूने उभे राहिलेले तरुण टिळक, अशी ती गोष्ट. पण तिच्याकडे आणखी एका बाजूने पाहता येते. सरकारी नोकराला कारण न देता खाली उतरवण्याचा किंवा घरी पाठवण्याचा अधिकार वरिष्ठाच्या हाती अनिर्बंध राहिला, की त्या अधिकाराचे काय होते, याचा इतका उघडा पुरावा आपल्या इतिहासात क्वचितच सापडतो. माझे म्हणणे असे की राज्यघटनेच्या अनुच्छेद 311 ने सरकारी नोकराला बडतर्फी आणि पदावनती यांविरुद्ध जे संरक्षण दिले, ती नोकरदारवर्गावर केलेली मेहेरबानी नव्हे. तो भ्रष्टाचारावरचा उपाय आहे, आणि त्याची गरज सर्वांत आधी सातारा-पुण्याच्या मामलेदारांनी भोगून दाखवली. हे संरक्षण भ्रष्टांचेच कवच बनले आहे, असे आज सर्रास म्हटले जाते. म्हणून हा इतिहास मुळापासून पाहायला हवा.

सातारा जिल्ह्यात त्या काळी अकरा तालुके होते. आज सांगली जिल्ह्यात असलेले वाळवा, तासगाव आणि खानापूर हेही त्यांतच मोडत. त्यांपैकी एक कोरेगाव. भीमेकाठचे नव्हे, वसनेकाठचे. कोरेगावच्या कचेरीत बसणारा मामलेदार हे सामान्य रयतेच्या दृष्टीने सरकारच होते. सारावसुली त्याच्याकडे, तालुक्याचा खजिना त्याच्याकडे, फौजदारी मॅजिस्ट्रेटचे अधिकार त्याच्याकडे आणि 1876 च्या मामलेदार कोर्ट कायद्यान्वये जमिनीच्या ताब्याचे दावेही त्याच्याचपुढे चालत. त्याच्यावर साताऱ्याचा कलेक्टर, त्यावर पुण्याचा कमिशनर आणि त्याहून वर मुंबई सरकार. ज्या माणसाच्या सहीने गावोगावचे पाटील-कुलकर्णी हलत, त्याची स्वतःची बढती, बदली, कायम होणे किंवा खालच्या जागी परत जाणे हे मात्र कमिशनरच्या एका हुकुमावर अवलंबून असे. साताऱ्यालगतचा, सपाटीचा कोरेगाव तालुका मिळणे आणि जावळी-पाटणच्या डोंगरी, मुसळधार पावसाच्या मुलखात जाणे यांतला फरक कुटुंबवत्सल कारकुनाला कोणी समजावून सांगायला नको होता. शिवाय कित्येक माणसे वरच्या जागी तात्पुरती, स्थानापन्न म्हणून काम करीत. आज मामलेदार असलेला उद्या पुन्हा अव्वल कारकून होऊ शकत होता, आणि त्यासाठी त्याचा काही दोष दाखवण्याची गरज नव्हती.

या यंत्रणेच्या शिखरावर क्रॉफर्ड आला. 1865 मध्ये तो मुंबईचा पहिला म्युनिसिपल कमिशनर झाला होता. आज महात्मा जोतिबा फुले मंडई म्हणून ओळखला जाणारा बाजार त्याच काळात उभा राहिला आणि कैक वर्षे त्याचेच नाव मिरवत होता. हुशार, धडाडीचा आणि खर्चाचे भान नसलेला, अशी त्याची ख्याती होती. शहराच्या पैशांत जी सढळता त्याने दाखवली तीच स्वतःच्या संसारातही दाखवल्यामुळे तो कर्जात बुडाला. मध्य विभागाचे कमिशनरपद मिळाल्यावर, हणमंतराव राघवेंद्र जहागीरदार या मध्यस्थामार्फत बढत्या-बदल्यांचे पैसे घेतले जातात, असा गवगवा झाला. गव्हर्नर लॉर्ड रे यांनी पोलिसांचे इन्स्पेक्टर जनरल ओमानी यांच्याकडून गुप्त चौकशी करवली. प्रकरण अंगाशी येते असे दिसताच क्रॉफर्ड वेष पालटून पुण्यातून निसटला आणि मुंबईत पकडला गेला. हणमंतरावावर खटला होऊन त्याला शिक्षा झाली.

या बाजारात विकला जाणारा माल कोणता होता, इकडे फारसे कोणी लक्ष दिलेले नाही. न्याय विकला जात नव्हता, जमीन विकली जात नव्हती, ठेकेही नव्हते. विकला जात होता तो कमिशनरचा विवेकाधिकार. मामलेदार पैसे देत होता ते दोन गोष्टींसाठी: हवी ती जागा मिळावी म्हणून, किंवा आहे ती जागा जाऊ नये म्हणून. यातला दुसरा प्रकार पहिल्याहून भयंकर होता, कारण त्यात देणाऱ्याला काहीच नवीन मिळत नव्हते. अन्यायाने हिरावले जाईल अशी धास्ती असलेली आपलीच वस्तू तो सोडवून घेत होता. बदली का केली, पदावरून का उतरवले, याचे लेखी कारण द्यावे लागले असते आणि ते कारण कोणापुढे तरी तपासले गेले असते, तर या मालाला गिऱ्हाईक मिळाले नसते. क्रॉफर्ड प्रामाणिक असता तर हे घडले नसते हे खरे. पण प्रामाणिकपणा हा एका माणसाचा गुण आहे आणि कमिशनर दर काही वर्षांनी बदलत असत.

आता चौकशीकडे पाहू. क्रॉफर्ड सिव्हिल सर्व्हिसचा अधिकारी. सरकारच्या मंजुरीवाचून ज्यांना पदावरून दूर करता येत नाही, अशा अधिकाऱ्यांसाठी 1850 चा 37 वा कायदा होता. त्या कायद्याप्रमाणे आरोप कलमवार लिहून द्यावे लागत, कागदपत्रांची आणि साक्षीदारांची यादी आरोपीला मिळे, त्याला वकील देता येई, उलटतपासणी करता येई आणि चौकशी स्वतंत्र आयुक्तांपुढे चाले. कलकत्ता हायकोर्टाचे न्यायमूर्ती आर्थर विल्सन यांच्या अध्यक्षतेखालील तीन सदस्यांच्या आयोगापुढे पुण्यात ही सुनावणी झाली. लाच घेतल्याचा आरोप आयोगाने सिद्ध मानला नाही. हाताखालच्या नेटिव्ह माणसांकडून कर्ज काढल्याचा, म्हणजे नियमभंगाचा ठपका तेवढा ठेवला. मुंबई सरकारला हा निष्कर्ष पटला नाही. शेवटी भारतमंत्री लॉर्ड क्रॉस यांनी लाचेच्या आरोपातून त्याची मुक्तता मान्य केली आणि कर्जाच्या गैरवर्तनाबद्दल त्याला सेवेतून काढले.

इथे एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. सर्व संरक्षण, सर्व वकिली आणि सर्व उलटतपासणी मिळाली ती क्रॉफर्डला, आणि तिचा शेवट काय झाला? लाचेच्या आरोपातून तो सुटला. मग रीतसर चौकशीचा हक्क बलवंतांच्याच उपयोगी पडतो, असे का म्हणू नये? माझे उत्तर असे की क्रॉफर्ड सुटण्याचे कारण त्याला मिळालेली रीत नव्हे, तर ती एकट्यालाच मिळणे हे होते. 1850 चा कायदा मामलेदारांसाठी नव्हता. त्यांना दूर करायला सरकारच्या मंजुरीची गरजच नव्हती. एका बाजूला संपूर्ण कायदेशीर कवच असलेला साहेब, दुसऱ्या बाजूला ज्यांची भाकरी उद्याच्या हुकुमावर आहे असे साक्षीदार, आणि तेही स्वतःच्या तोंडून पैसे दिल्याची कबुली देणारे. अशा साक्षी कोणताही वकील सहज पोखरू शकतो: हा गुन्ह्यातला भागीदार आहे, नोकरी वाचवायला बोलतो आहे, एवढे म्हटले की काम झाले. ज्याला नोकरीची शाश्वती नाही त्याच्या सत्यालाही वजन राहत नाही. मामलेदाराला आधीपासून सुरक्षितता असती तर मुळात तो पैसे द्यायला गेला नसता, आणि गेलाच असता तरी त्याची साक्ष इतकी दुबळी ठरली नसती.

आणि त्यांना सुरक्षितता दिली गेली होती ती फक्त शब्दाची. खरे सांगा, तुमच्यावर खटला होणार नाही, नोकरीवर गदा येणार नाही, असे अभय मुंबई सरकारने ओमानींमार्फत दिले होते. त्या भरवशावर त्यांनी तोंड उघडले. मग इंग्लंडमध्ये काहूर उठले: स्वतः लाच दिल्याचे कबूल करणारी माणसे मॅजिस्ट्रेट म्हणून लोकांचा न्याय कशी करणार? त्याला कायद्याचा आधारही होता. पदांची खरेदी-विक्री हा गुन्हा ठरवणारा 1809 चा ब्रिटिश कायदा असे सांगत होता की पैसे देऊन पद मिळवणारा त्या पदाला अपात्र ठरतो. तेव्हा गव्हर्नरने दिलेले अभय कायद्यापुढे टिकते का, हाच प्रश्न उभा राहिला. साक्षीदारांना दाव्यांपासून आणि खटल्यांपासून वाचवण्यासाठी 1889 मध्ये व्हाइसरॉयच्या कायदेमंडळाला खास कायदा करावा लागला. पण नोकरीचे काय? ज्यांच्याकडून धाकदपटशाने पैसे उकळले गेले ते राहतील आणि ज्यांनी आपण होऊन बढतीसाठी पैसे मोजले त्यांना जावे लागेल, अशी विभागणी वरून लादली गेली. दिलेला शब्द अर्धा पाळला गेला.

1 सप्टेंबर 1889 रोजी पुण्यात मामलेदारांच्या बाजूने जाहीर सभा झाली आणि टिळक तीत बोलले. 'केसरी'तून त्यांनी हा विषय लावून धरला आणि इंग्लंडमधल्या विल्यम डिग्बींसारख्या हितचिंतकांपर्यंत नेला. टिळकांनी लाच देणाऱ्यांची बाजू का घ्यावी, असे त्या वेळीही विचारले गेले आणि आजही विचारता येते. त्यांचा मुद्दा दिलेल्या वचनाचा होता. सरकारने शब्द देऊन साक्ष घेतली, काम झाल्यावर शब्द फिरवला. अशाने पुढे कोणता नोकर वरिष्ठाविरुद्ध तोंड उघडेल? मला हा मुद्दा पूर्ण पटतो, पण तो अपुरा वाटतो. शब्द पाळला असता तरी व्यवस्था तशीच राहिली असती. धाकाने दिले की आपखुशीने दिले, हा फरक कोणी ठरवायचा आणि कसा? ज्याला जागा गमावण्याची भीती नेहमीच होती, त्याची आपखुशी शोधायची कुठे? ही विभागणी करताना प्रत्येकाला स्वतंत्र आरोपपत्र, स्वतंत्र सुनावणी आणि वरच्या न्यायासनाकडे जाण्याची वाट हवी होती. ती नव्हती. क्रॉफर्डला जे मिळाले ते मामलेदारांना मिळावे ही मागणी त्या वेळी राजकारणाच्या भाषेत मांडावी लागली, कारण ती मांडायला कोर्ट नव्हते.

कोर्ट का नव्हते, तर इंग्रजी कायद्यात सरकारी नोकर राजाच्या मर्जीने पदावर असतो. मर्जी संपली की नोकरी संपली, आणि त्याबद्दल दावा चालत नाही. हे तत्त्व ढिले व्हायला आणखी तीस वर्षे गेली. 1919 च्या कायद्याने 96-ब हे कलम आणले: नेमणूक करणाऱ्याहून खालच्या अधिकाऱ्याने कोणाला बडतर्फ करू नये, आणि सेवेची मुदत मर्जीची असली तरी ती नियमांच्या अधीन राहील. पण ते नियमच पाळले नाहीत तर? 1937 साली प्रसिद्ध झालेल्या प्रिव्ही कौन्सिलच्या दोन निकालांनी याची विचित्र वाटणी केली. रंगाचारी नावाच्या मद्रासच्या पोलीस सबइन्स्पेक्टरला खालच्या अधिकाऱ्याने बडतर्फ केले होते. तो हुकूम रद्दबातल ठरला. व्यंकटराव हा मद्रासच्या सरकारी छापखान्यातला नोकर. त्याची नियमाप्रमाणे चौकशीच झाली नव्हती. तरीही न्यायासनाने सांगितले की नियम मोडल्याची दाद सरकारच्या वरच्या पायरीवर मागा, दिवाणी कोर्टात नव्हे. म्हणजे सही चुकीच्या माणसाची असेल तर न्याय, आणि योग्य माणसाने अन्यायाने सही केली तर अर्ज. त्या मानाने 1935 च्या कायद्याचे 240 वे कलम मोठे पाऊल होते: आपली बाजू मांडण्याची वाजवी संधी दिल्याशिवाय बडतर्फी नाही आणि पदावनतीही नाही. 1948 मध्ये आय. एम. लाल यांच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने या शब्दांना अर्थ दिला आणि पंजाबातल्या या सिव्हिलियनला काढून टाकण्याचा हुकूम बेकायदा ठरवला. निकाल मिळाला तो सिव्हिल सर्व्हिसच्या माणसाला, पण कलम सर्वांसाठी होते. छापखान्यातल्या माणसाला आणि कोरेगावच्या मामलेदारालाही.

घटना तयार होताना हे संरक्षण टिकवण्याला भावनिक विरोध होता, आणि साताऱ्याच्या माणसाला तो समजायला जड जाऊ नये. 1942 च्या सप्टेंबरात तासगाव, वडूज आणि इस्लामपूरच्या कचेऱ्यांवर मोर्चे गेले. वडूजला 9 सप्टेंबरला गोळीबार होऊन माणसे पडली. पुढे याच भागात नाना पाटलांचे प्रतिसरकार उभे राहिले, ते मामलेदार-फौजदारांच्या सत्तेला पर्याय म्हणून. ज्या नोकरशाहीने हे केले तिला स्वतंत्र भारताने हमी का द्यावी? सरदार पटेलांनी ऑक्टोबर 1949 मध्ये घटनासमितीत सेवांची बाजू घेतली ती याच वातावरणात. सेवांतल्या माणसांनी मोकळेपणाने मत दिले पाहिजे, आणि त्यासाठी त्यांना सुरक्षितता हवी, हा त्यांच्या मांडणीचा गाभा. या भागाच्या इतिहासातून मी त्याला एक जोड देईन. परक्या राजवटीतला मामलेदार गोळीबाराचा हुकूम निमूट पाळत होता, त्यामागे इतर कारणे असतील, पण 'नाही' म्हणणाऱ्याला संरक्षण नव्हते हेही एक कारण होतेच. लोकांच्या राज्याला आज्ञाधारकाहून वेगळा नोकर हवा असेल तर त्याला मर्जीच्या बाहेर काढणे भाग होते.

अनुच्छेद 311 आला तरी मर्जी मागल्या दाराने आत शिरू पाहत होती, आणि ते दार पदावनतीचे होते. बडतर्फी डोळ्यांवर येते. 'मूळ पदावर परत' हा हुकूम दिसायला निरुपद्रवी असतो. पुरुषोत्तमलाल धिंग्रा हे रेल्वेतले कर्मचारी वरच्या वर्गात स्थानापन्न होते. 1953 मध्ये त्यांना खाली पाठवण्यात आले. 1 नोव्हेंबर 1957 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्याविरुद्ध निकाल दिला, न्यायमूर्ती विव्हियन बोस यांनी भिन्न मत नोंदवले. धिंग्रा हरले, पण त्या निकालातल्या दोन कसोट्या पुढच्या हजारो कर्मचाऱ्यांच्या कामी आल्या: त्या पदावर माणसाचा हक्क होता का, आणि हुकुमाने त्याच्यावर शिक्षेसारखे दुष्परिणाम लादले का? दोहोंपैकी एकाचे उत्तर 'हो' असेल तर चौकशी हवीच. मुंबई राज्याच्या एफ. ए. अब्राहम खटल्यात मात्र या कसोट्या किती तोकड्या पडू शकतात हे दिसले. स्थानापन्न डीवायएसपी असलेल्या अधिकाऱ्याला कारण न सांगता पुन्हा इन्स्पेक्टर केले. पाठीमागे गोपनीय चौकशी झाली होती. न्यायालयाने ही शिक्षा मानली नाही. हा निकाल मला चुकीचा वाटतो. गोपनीय चौकशी करून तिचा निष्कर्ष अमलात आणायचा आणि हुकुमात मात्र कोरा चेहरा ठेवायचा, ही तीच पद्धत आहे जिच्यावर 1888 चा बाजार चालला. 1974 मध्ये समशेर सिंग प्रकरणात सात न्यायमूर्तींनी हुकुमाच्या शब्दांपलीकडे जाऊन त्याचे खरे कारण पाहण्याचे ठरवले, तेव्हा हे दार बरेचसे लागले.

आता रोजचा आक्षेप. या सगळ्यामुळे भ्रष्ट माणूस वर्षानुवर्षे पगार खातो, चौकशी संपत नाही, संपली तर ट्रिब्यूनल हुकूम रद्द करते. तक्रार खोटी नाही. पण संरक्षणाची कलमे वाचली तर दिसते की त्यांत विलंब कुठेच लिहिलेला नाही. फौजदारी शिक्षा झालेल्याला चौकशीविना काढता येते. चौकशी करणे व्यवहार्य नसेल किंवा राज्याच्या सुरक्षिततेचा प्रश्न असेल तरी काढता येते, आणि 1985 च्या तुलसीराम पटेल निकालाने या तरतुदी पुरत्या उचलून धरल्या. शिक्षा किती द्यावी यावरची दुसरी सुनावणी तर 42 व्या घटनादुरुस्तीने काढूनच टाकली. राहिले आहे ते एवढेच: आरोप सांगा, ऐकून घ्या, मग ठरवा. याला वर्षे लागत असतील तर दोष चौकशी अधिकारी न नेमणाऱ्या, कागद न देणाऱ्या आणि फाइल दाबून ठेवणाऱ्या कार्यालयाचा आहे. उलट राज्याकडे माणसाला निर्णयाआधीच चिरडण्याची साधने कशी होती, हे महाराष्ट्राच्याच चंद्रभान ताले प्रकरणात दिसले. शिक्षेविरुद्ध अपील चालू असलेल्या निलंबित कर्मचाऱ्याला दरमहा एक रुपया निर्वाहभत्ता देण्याची तरतूद मुंबई नागरी सेवा नियमांत होती. 1983 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली. एक रुपयात अपील लढवायला सांगणारे राज्य लवकर निकाल मागत नव्हते. ते माणूस थकण्याची वाट पाहत होते.

महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या बोलीतले मॅट, 1991 मध्ये सुरू झाले. मुंबई, नागपूर आणि औरंगाबाद अशी त्याची ठिकाणे. तिथे पदावनती-बडतर्फीइतकेच बदल्यांचेही वाद येतात, आणि हे स्वाभाविक आहे, कारण क्रॉफर्डच्या बाजारातला सर्वांत खपाऊ माल बदली हाच होता. त्यावर थेट उपाय आला तो 2005 च्या बदल्यांच्या कायद्याने. पदावर सर्वसाधारणपणे तीन वर्षांची मुदत, बदल्या एप्रिल-मेमध्ये, मुदतीआधी बदली करायची तर लेखी कारण आणि वरच्या अधिकाऱ्याची मंजुरी. 1888 मध्ये नसलेली नेमकी हीच गोष्ट. ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले आणि सातारा-सांगलीच्या पक्षकाराचा मुंबईचा फेरा वाचला. पण 1997 च्या एल. चंद्रकुमार निकालानुसार सरकारी नोकराला आधी न्यायाधिकरणाकडेच जावे लागते, आणि कोरेगावच्या तलाठ्यासाठी ते अजून मुंबईतच आहे. मॅटचे फिरते बेंच कोल्हापुरात बसवणे ही त्यामुळे केवळ सोयीची मागणी राहत नाही.

त्याच वेळी या संरक्षणाचे क्षेत्रच आक्रसते आहे. सरकारी कार्यालयांत कंत्राटी आणि बाह्यस्रोतांमार्फत घेतलेली माणसे वाढत आहेत. सप्टेंबर 2023 मध्ये राज्य सरकारने अशा भरतीसाठी नऊ एजन्सी नेमणारा निर्णय काढला आणि विरोध झाल्यावर ऑक्टोबरात तो मागे घेतला. पण कंत्राटी पद्धत त्यामुळे थांबलेली नाही. एजन्सीमार्फत आलेला संगणक चालक तहसील कचेरीत तोच सातबारा आणि तेच दाखले हाताळतो, मात्र अनुच्छेद 311 त्याला लागू नाही. करार संपला म्हणून त्याला घरी पाठवता येते, आणि पुढचा करार द्यायचा की नाही हे ज्याच्या हाती आहे त्याने कारण नोंदवावे असे कुठेही बंधन नाही. निदान शासकीय कार्यालयात सलग काम करणाऱ्या अशा माणसाला काढताना लेखी कारण आणि एक सुनावणी, एवढी तरतूद राज्याच्या सेवानियमांत करता येण्याजोगी आहे. तिला घटनादुरुस्ती लागत नाही.